रिव्हर्स बंद करणारा अर्नोल्ड बूथरॉइड

अर्नोल्ड बूथरॉइड या माणसाने पाच वर्षांत सहाशे अकरा गाड्यांचा रिव्हर्स बंद केला, आणि वर त्याला त्याचा अभिमान होता. आता अशा माणसापुढे कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं? त्याच्या बायकोने, मर्टलने, जन्मभर तेच केलं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल की अर्नोल्ड चांगल्या गाड्या बिघडवायचा. तसं मुळीच नव्हतं. गाड्या त्याच्याकडे बिघडलेल्याच यायच्या.

यॉर्कशरमधल्या आमच्या क्लफडेनला तेव्हा एकच कारखाना होता. आधी तिथे ब्लँकेटं विणायचे. ब्लँकेटांचा धंदा बसला, आणि मेजर ऑब्री टिंडल नावाच्या गृहस्थाने ती रिकामी गिरणी घेऊन तिथे मोटारी बनवायला काढल्या. या मेजरसाहेबांनी युद्धात ग्लायडर बांधले होते. ग्लायडरला इंजिन नसतं, रिव्हर्स नसतो, आणि एकदा उतरला की तो पुन्हा कुणाला लागत नाही. मोटार बनवताना साहेबांच्या डोक्यातून हे सगळं काही पूर्ण गेलेलं नव्हतं. त्यांनी जी गाडी काढली तिचं नाव लिनेट. रानातला एक चिमुकला पक्षी असतो, त्याच्यावरून. चाकं तीन, पुढे दोन आणि मागे एक. इंजिन मोटरसायकलचं. अंग काचतंतूचं, म्हणजे फायबरग्लासचं, कस्टर्डच्या रंगाचं. काल ब्लँकेटं विणणाऱ्या बायकाच आता साच्यात तंतू अंथरून वर राळ चोपडायच्या आणि दिवसभर हात खाजवायच्या. बसणार दोघं, तीही एकमेकांवर प्रेम असेल तर.

आणि दार? दार पुढे. गाडीचं अख्खं नाकच कपाटासारखं उघडायचं. बाजूला दार नाही, मागे नाही. टप आधी कापडाचा होता, गुंडाळता यायचा, पण तो गळायचा. मग मेजरसाहेबांनी एक दिवस तोही घट्ट करून टाकला. गळायचं थांबलं का? छे! पाणी दारातून यायला लागलं.

तरी लोक घ्यायचे, आणि त्यांना हसू नये. गावात बहुतेकांकडे मोटरसायकल आणि तिला जोडलेली साइडकार. बायको त्या साइडकारमध्ये बसून, मांडीवर पोर आणि डोक्यावर भिजलेली हॅट घेऊन चॅपलला, म्हणजे आमच्या छोट्या चर्चला, यायची. लिनेटमध्ये निदान डोक्यावर टप होता. शिवाय कायदा असा की तीन चाकांच्या गाडीला रिव्हर्स नसेल, तर ती मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता येते. मोटारीची वेगळी परीक्षा द्यायला नको. पण गिअरबॉक्स बाहेरून तयार यायचा आणि त्यात रिव्हर्स असायचाच. म्हणून तो बंद करावा लागे. सीटखाली, गिअरच्या दांड्याच्या बुडाशी, तळहाताएवढा पोलादी पत्रा बसवायचा, चार बोल्ट आवळायचे, बोल्टांमधून तार ओवून शिशाचं सील ठोकायचं आणि पत्र्यावर आपली अक्षरं उमटवायची: ए. बी. हे काम अर्नोल्डचं. त्याच्या हातून सुटल्यावर गाडी फक्त पुढे जाऊ शकायची.

हे काम तो मन लावून करायचा, अगदी देवाघरचं असल्यासारखं. गिऱ्हाईक सीलकडे बघून डोळा मारायचं. म्हणायचं, "अर्नोल्ड, लेका, हा चौथा बोल्ट जरा सैल ठेव की. कोण बघतंय?"

अर्नोल्ड म्हणायचा, "मी बघतोय."

त्यामागे एक दुखणं होतं, ते मर्टललाच ठाऊक. अर्नोल्ड स्वतः दोनदा मोटारीच्या परीक्षेला बसला होता आणि दोन्ही वेळा नापास झाला होता. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी: गाडी उलटी चालवत कोपरा वळायचा असतो तिथे. दुसऱ्या वेळी तर मागचं चाक फुटपाथवर चढलं आणि गाडी सहकारी सोसायटीच्या दुकानाच्या काचेला टेकून उभी राहिली. आत मर्टल मटार घेत होती. त्या दिवसापासून अर्नोल्डने ठरवून टाकलं की डोकं ठिकाणावर असलेला माणूस पुढेच जातो.

असा हा माणूस. कष्टाळू, निर्व्यसनी, चॅपलमध्ये खालच्या पट्टीत गाणारा, आणि हेकट. इतका हेकट की त्याच्याशी बोलताना मर्टलचा जीव मेटाकुटीला यायचा.

आता मुलीचं. बेरिल त्यांची एकुलती एक. लिव्हरपूलला नोकरीला गेली आणि तिथे डेस्मंड क्विर्क नावाच्या मोटार-मेकॅनिकच्या प्रेमात पडली. सत्तावन्नच्या मे महिन्यात त्याला रविवारच्या चहाला घरी घेऊन आली. मर्टलने हॅम कापलं, डब्यातले पीच काढले, चांगल्या कपबशा मांडल्या. मुलगा बरा होता. फक्त थट्टेखोर. चहा झाल्यावर अर्नोल्ड त्याला दारात उभी असलेली लिनेट दाखवायला घेऊन गेला. डेस्मंडने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकला, आणि एका हाताने तिचं मागचं चाक जमिनीवरून उचललं.

"काय हो मामा," तो म्हणाला, "चावी कुठून द्यायची हिला?"

समोरच्या घराच्या पायरीवर दोन बायका बसल्या होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. अर्नोल्डचे कान लाल झाले. तो रागावला की आधी कान लाल व्हायचे, आणि कान चांगले मोठे असल्यामुळे ते लांबूनही दिसायचं.

"आणि दार पुढे?" डेस्मंड काही थांबेना. "समजा नाक भिंतीला लागलं. रिव्हर्स तर तुम्ही बंद केलेला. मग बाहेर कसं यायचं?"

"शहाणा माणूस भिंतीला नाक लावत नाही," अर्नोल्ड म्हणाला.

"सगळेच शहाणे नसतात ना, मामा."

झालं. "माफी मागितल्याशिवाय या माणसाने माझ्या घरात पाय ठेवायचा नाही," असं अर्नोल्डने तिथेच, फुटपाथवर, त्या दोन बायकांच्या देखत सांगून टाकलं. बेरिलने कोट चढवला आणि डेस्मंडबरोबर निघून गेली. त्यांचं लग्न लिव्हरपूलला झालं. मर्टल एकटी गेली. अर्नोल्डने त्या दिवशी अकरा पत्रे बसवले.

मर्टलला बोलायला काय कमी होतं? "अरे, पोराने थट्टा केली. खेळण्यातल्या गाडीला सगळं गाव हसतं."

"खेळण्यातली नाही ती."

"बरं बाबा, नाही. पण मुलगी आपली आहे की नाही?"

त्यावर तो पेपर वर धरायचा. दोन वर्षं ती पेपराशी बोलत होती म्हणा ना.

एकोणसाठच्या मार्चमध्ये बेरिलला मुलगा झाला, कॉलिन. मर्टल जायला निघणार तोच तिला ब्राँकायटिसने धरलं. डॉक्टर म्हणाले, तान्ह्या बाळाजवळ जायचं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत मे उजाडला, आणि बेरिलचं पत्र आलं. डेस्मंडला कॅनडात काम मिळालं होतं. तेरा जूनला, शनिवारी, लिव्हरपूलहून बोट. एकपर्यंत नातेवाइकांना धक्क्यावर बरोबर थांबता येतं, मग शिडी काढतात आणि दोनला बोट सुटते. शेवटी लिहिलं होतं: 'आई, तू ये. त्याला एकदा मांडीवर घे. बाबांना यायचं असेल तर डेस्मंड काही बोलणार नाही. मी त्याला दम दिलाय.'

मर्टलने पत्र अर्नोल्डच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि घडी घातली. मर्टलने एक शब्द काढला नाही. रेल्वेचं वेळापत्रक मात्र तिने आधीच पाहून ठेवलं होतं. सातचाळीसची गाडी, मँचेस्टरला बदल, साडेदहाला लिव्हरपूल. बाळाला पुरते अडीच तास. तिने पांढऱ्या लोकरीची शाल विणायला घेतली होती. त्या अडीच तासांसाठीच ती रोज संध्याकाळी विणत होती.

चार दिवसांनी अर्नोल्ड म्हणाला, "मी येतो."

मर्टलच्या हातातली सुई थांबली.

"पण लिनेटने जाऊ."

"का?" ती ओरडलीच. "आगगाडी आहे ना!"

"पंचावन्न मैल. डोंगर ओलांडून. त्याला बघू दे चावीवर चालते का ते."

इथे मर्टल चुकली. तिला वाटलं, येतोय हेच नशीब. आता गाडीवरून वाद घातला तर हा पुन्हा पेपर वर धरील. बापानेही नातू बघावा असं तिला मनापासून वाटत होतं. ती बरं म्हणाली. पुढे कितीतरी वर्षं, भांडी घासताना मध्येच थांबून ती स्वतःलाच म्हणायची, "बरं म्हणालीस, मूर्ख बाई!"

शनिवारी सकाळी सातला दोघं निघाले. मर्टलच्या मांडीवर शाल आणि गुळाच्या पाकातल्या आल्याच्या केकचा डबा, बेरिलचा आवडता. अर्नोल्डने रविवारचा सूट घातला होता. खिशात पाना होता. तो पाना त्याच्या खिशात चॅपलमध्येही असायचा. चढावर लिनेट माणसाच्या चालीने चालली. एका सायकलवाल्याने मागे टाकलं, वर हॅट काढून नमस्कार केला. अर्नोल्डने त्याच्याकडे पाहिलं नाही.

वर माळरानावर पोचले आणि धुकं लागलं. जूनमध्येही आमच्याकडे ते असं येतं की हातातला कप दिसू नये. काच पुसायचा वायपर एकच, तोही अर्नोल्डच्या बाजूला, आणि तो उजवीकडे जायचा पण परत यायचं विसरायचा.

"डावीकडे रस्ता आहे," अर्नोल्ड म्हणाला.

"तो रस्ता नाही, कुणाच्या तरी शेताची वाट आहे. सरळ चल."

"मला दिसतंय."

"तुला काय दिसतंय? मला माझ्या चपलांची टोकं दिसत नाहीत!"

तो डावीकडे वळला. वाट उताराची, दोन्ही बाजूंना दगडी बांध, मध्ये ओलं गवत. अर्नोल्डने ब्रेक दाबला. लिनेटचे ब्रेक ओले झाले की दाबणाऱ्याचं समाधान करायचे, एवढंच. गाडी शांतपणे घसरत गेली आणि वाटेच्या शेवटी, जिथे आडवी भिंत होती, तिथे तिचं नाक हळूच टेकलं. साधा ओरखडाही नाही. इंजिन बंद पडलं. कुठेतरी मेंढी ओरडली.

मर्टलने दार ढकललं. ते एका बोटाएवढं हललं आणि भिंतीला लागलं.

दोघांच्याही डोक्यात तोच फुटपाथ, तोच चहाचा रविवार होता. शेवटी मर्टल म्हणाली, "शहाणा माणूस भिंतीला नाक लावत नाही."

"धुकं होतं."

"किती वाजले?"

"नऊला दहा कमी."

खिडक्या सरकत्या, त्यांच्यातून मर्टलचा हात आणि अर्नोल्डचं डोकं बाहेर निघत होतं, बाकीचं आतच. अर्नोल्डने हॉर्न वाजवला. मेंढीने उत्तर दिलं. "शेतकरी येईल," तो म्हणाला. "मागून ओढलं की निघेल. हलकी आहे गाडी."

सव्वानऊ झाले. साडेनऊ. शेतकरी काही आला नाही. तो शनिवारच्या बाजाराला गेला असणार. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगेल.

"अर्नोल्ड," मर्टल शांतपणे म्हणाली. ती अशी शांत झाली की समजायचं. "तुझ्या मांडीखाली रिव्हर्स आहे."

"बंद आहे."

"तूच केलायस. चार बोल्ट. पाना खिशात आहे."

"ते कायद्यात बसत नाही. माझं लायसन्स मोटरसायकलचं आहे. सील तोडलं आणि गाडी उलटी नेली तर..."

"तर काय? मेंढी पोलिसात जाईल?"

"सहाशे माणसांना मी सांगितलंय, मर्टल. प्रत्येकाला. सील म्हणजे सील."

"कोण बघतंय इथे?"

"मी बघतोय ना!"

मर्टलने डोळे मिटले. तिला वाटलं, हा केकचा डबा उचलून याच्या डोक्यात घालावा. घातलाही असता, पण आत जागा नव्हती.

दहा वाजले. आगगाडी एव्हाना मँचेस्टर सोडून लिव्हरपूलच्या वाटेला लागली असेल, हे तिला वेळापत्रकासकट दिसत होतं. साडेदहा. अर्नोल्ड दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवत होता आणि आता बॅटरी उतरेल म्हणून दर पाच मिनिटांनी पस्तावत होता.

"तुला पोचायचंच नाहीये," मर्टल एकदम म्हणाली.

"काय?"

"तुला त्या पोराच्या तोंडासमोर उभं राहायचं नाहीये. म्हणून बसलायस. मला खरं सांग."

अर्नोल्डने मान वळवली. त्याचे कान लाल झाले नव्हते. उलट चेहरा पांढरा पडला होता. "मी रोज पोचतोय तिथे," तो म्हणाला. "पत्र आल्यापासून रोज. काय बोलायचं तेवढं जमत नाही."

तिने मांडीवरची शाल सारखी केली आणि साध्या आवाजात म्हणाली, "अरे, बोलू नकोस काही. नुसता उभा राहा. पण ने मला तिथे. मला बाळाला हातात घ्यायचंय, अर्नोल्ड. एकदाच."

त्याने पाना काढला.

आधी सील तोडलं. पोटात गुडघे घेऊन, हँडलखाली डोकं घालून त्याने चारही बोल्ट काढले. मग इंजिन चालू केलं, आणि तेव्हा दोघांच्याही लक्षात एक गोष्ट आली. सहाशे गाड्यांचा रिव्हर्स बंद करणाऱ्या या माणसाला गाडी उलटी चालवता येत नव्हती! मागची काच पाकिटाएवढी. गाडी डावीकडच्या बांधाला लागली. मग उजवीकडच्या. मर्टल खिडकीतून ओरडत होती: "डावीकडे! अरे माझ्या डावीकडे!" मागचा दिवा फुटला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. साठ पावलांच्या वाटेला पाऊण तास लागला. पण शेवटी लिनेट मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. अकरा वाजून वीस मिनिटं. धुकंही विरायला लागलं होतं. अजूनही जमलं असतं. घाई केली असती तर एकच्या आत नाही, पण शिडी काढायच्या गडबडीत का होईना, दोन मिनिटं मिळाली असती.

अर्नोल्ड खाली उतरला. मर्टलला वाटलं, चाक बघतोय. त्याने सीट वर केली आणि पत्रा हातात घेतला.

"काय करतोयस?"

"पत्रा बसवतोय."

"अर्नोल्ड!"

"ती शेताची खासगी वाट होती. हा सरकारी रस्ता आहे. रिव्हर्स उघडा ठेवून मी इथे गाडी चालवू शकत नाही."

मर्टलने आकाशाकडे पाहिलं. वाद घालण्यात पाच मिनिटं जातील, बोल्टांना चार लागतील, असा हिशेब करून ती गप्प बसली. तीन बोल्ट बसले. चौथा मिळेना. अर्नोल्ड गवतात हात फिरवायला लागला.

"तीन पुरेत!" ती म्हणाली.

"तिनाने धरत नाही."

"अरे देवा, धरेल रे लिव्हरपूलपर्यंत!"

"चार म्हणजे चार."

आणि मग चांगली हॅट घातलेली, पंचावन्न वर्षांची मर्टल बूथरॉइड रस्त्याच्या कडेला ओल्या गवतात गुडघ्यांवर रांगायला लागली, कारण बोल्ट सापडल्याशिवाय हा माणूस हलणार नाही हे तिला पुरतं माहीत होतं. ती रांगता रांगता रडत होती आणि रडता रडता त्याला शिव्या देत होती. चॅपलमध्ये कुणी ऐकल्या असत्या तर तिला दारातूनच परत पाठवलं असतं. वीस मिनिटांनी बोल्ट मिळाला. तो अर्नोल्डच्या पँटच्या दुमडीत होता.

लिव्हरपूलला धक्क्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा दोनला सहा मिनिटं कमी होती. मर्टल दार उघडून धावली. अर्नोल्ड ओरडला, "मी गाडी लावून आलोच!"

शिडी निघालेली होती. दोऱ्या सुटत होत्या. धक्क्यावर माणसांची ही गर्दी, सगळ्यांचे हात वर, रंगीत कागदाच्या फिती हवेत. मर्टल कोपरं मारत पुढे घुसली. "बेरिल! बेरिल!" पण शंभर बायका शंभर नावं घेत होत्या, त्यात भोंगा झाला. कठड्याला चारशे चेहरे. एका बाईने काहीतरी पांढरं वर धरलं होतं. बाळ असेल. किंवा टॉवेल असेल. ती बाई बेरिल असेल किंवा नसेल. डोळ्यांतल्या पाण्यामुळे मर्टलला तेही कळेना. खरं सांगायचं तर तिला काहीच दिसलं नाही. तिने शाल वर धरून हलवली. बोट हलली आणि पाण्याचा पट्टा रुंद होत गेला.

अर्नोल्ड आला तेव्हा बोट नदीच्या मध्यावर होती. तो धापा टाकत होता, शर्ट बाहेर आलेला.

"कुठे होतास?"

"जागा मिळेना. सगळीकडे भिंतीकडे नाक. तीन चकरा मारल्या. रिव्हर्स लागणार नाही अशी जागा..."

मर्टलने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती चालायला लागली.

परतीच्या वाटेवर ती वॉरिंग्टनपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मँचेस्टरलाही तसंच. माळरानावर आता लख्ख ऊन पडलं होतं. ती शेताची वाट आली. उन्हात एखाद्या आंधळ्यालाही कळलं असतं की हा रस्ता नव्हे. अर्नोल्डने तिकडे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "तू पाहिलंस त्याला?"

मर्टल शालीची घडी घालत राहिली.

"कसा आहे गं तो?"

बत्तीस वर्षांच्या संसाराचं सगळं तिच्या जिभेवर होतं. पत्रा, बोल्ट, पँटची दुमड, तीन चकरा. 'तूच का नाही बघितलास,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि तो मेल्यासारखा झाला असता. तिला ते म्हणायचंच होतं. तिने तोंड उघडलं.

"कान तुझे आहेत," ती म्हणाली.

अर्नोल्डने एक हात हँडलवरून काढून कानाला लावला.

"खरंच?"

"लांबून दिसत होते."

"बिचारा," अर्नोल्ड म्हणाला. मग त्याने गाडी बाजूला घेतली, पुढे भिंत नाही हे नीट पाहून उभी केली, आणि हँडलवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मर्टलला त्याचा राग येत होता, दया येत होती, आणि दया येतेय म्हणून पुन्हा राग येत होता. शेवटी तिने केकचा डबा उघडला आणि त्याच्या हातात एक तुकडा दिला.

त्यानंतर मर्टल लिनेटमध्ये कधी बसली नाही. चॅपललासुद्धा बसने जायची. "कोपरा उलटा वळून दाखव, मग बसेन," एवढंच म्हणायची. त्याच ऑगस्टमध्ये एका मोठ्या कंपनीने चार चाकांची, चार माणसांची, खरीखुरी छोटी मोटार काढली आणि लिनेटला कुणी विचारेना. साठच्या मार्चमध्ये गिरणीचा भोंगा शेवटचा वाजला. शेवटच्या गाडीवरही अर्नोल्डने चार बोल्ट आवळले, सील ठोकलं, ए. बी. उमटवलं. ती गाडी कुणी घेतलीच नाही. मग रिकाम्या गिरणीच्या आवारात, शेजाऱ्याची जुनी मोटार मागून घेऊन, दोन बादल्यांचा कोपरा करून तो वर्षभर उलटा वळत राहिला. पाचव्या वेळी पास झाला.

पण ते नंतर. त्याआधी, लिव्हरपूलहून परत आल्यावर आठवड्याने, त्याने कॅनडाला पत्र लिहिलं होतं. मर्टलने पत्ता घालायच्या निमित्ताने वाचलं. डेस्मंडला उद्देशून एकच ओळ होती: 'दाराबद्दल तुझं म्हणणं बरोबर होतं.' खाली सही. मर्टलने कपाळावर हात मारला आणि त्याच पाकिटात आपली चार पानं घातली. शाल वेगळ्या पार्सलने गेली.

ऑक्टोबरमध्ये उत्तर आलं, आत बाळाचा फोटो. गुटगुटीत पोरगं, मर्टलची शाल पांघरलेलं, आणि डोक्यावर हनुवटीखाली घट्ट बांधलेली लोकरीची टोपी. कान तिच्यात पूर्ण झाकलेले.

मर्टलने फोटो अर्नोल्डपुढे केला. अर्नोल्डने फोटो खिडकीशी नेऊन निरखला, पाकिटात ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून गिरणीत, चॅपलमध्ये, बसस्टॉपवर, भेटेल त्याला काढून दाखवायला लागला.

"कान बघ," तो म्हणायचा. "माझे आहेत."

"कुठेत रे कान? टोपीच दिसतेय."

"टोपीखाली आहेत. हिने पाहिलेत."

मग तो माणूस मर्टलकडे बघायचा. "हो," मर्टल म्हणायची, "पाहिलेत मी," आणि बस आली का ते बघायला मान वळवायची.